पोटावरचा आळ

मराठीत 'लागणे' या क्रियापदाइतके कष्टाळू क्रियापद क्वचितच सापडेल. भूक लागते, तहान लागते, ठेच लागते, उचकी लागते, दृष्ट लागते, वेड लागते, आणि घाटाच्या तिसऱ्या-चौथ्या वळणावर खिडकीचा गज घट्ट धरून बसलेल्या प्रवाशाला गाडीही लागते. या शेवटच्या प्रयोगात आपल्या भाषेने सगळा अपराध गाडीच्या माथी मारला आहे, आणि त्यात एक प्रकारचा उदारपणा आहे असेच म्हटले पाहिजे. कारण एरवी घरात कोणाला उलटी झाली की पहिला प्रश्न 'काय खाल्लं होतंस?' हाच असतो, म्हणजे चौकशीस आरंभ होण्यापूर्वीच आरोपी ठरलेला असतो, आणि तो आरोपी म्हणजे पोट. वांती हा पोटाचा विकार, पोट बिघडले म्हणून ती होते, पोट धुऊन निघाले की ती थांबते, आणि पोटात काही दोष नसतानाही ती होत असेल तर मग दोष त्या माणसाच्या मनाचा, अशी ही सरळसोट समजूत आहे. तिचा उपद्रव केवळ शास्त्रीय अचूकपणापुरता असता तर लेखणी उचलण्याचे कारण नव्हते. परंतु या समजुतीपायी माणसांचे, आणि त्यातही बायकांचे, जे हाल मी जवळून पाहिले आहेत ते बव्हंशी टाळता येण्याजोगे होते, म्हणून पोटाच्या वतीने ही कैफियत.

वाईहून पाचगणीला जाणारा पसरणीचा घाट मी लहानपणी दर उन्हाळ्यात आजोळी जाण्यासाठी चढत असे, आणि दर उन्हाळ्यात तो मला लागत असे. तापलेल्या बाकांचा वास, डिझेलचा वास, शेजारच्या आजीबाईंच्या पाटीतील फणसाचा वास, आणि या सर्वांवर कडी करणारा, माझ्या आधी कोणाला तरी गाडी लागून गेल्याचा वास. प्रथम उगाचच जांभया येत, मग तळवे गार पडत, कानामागे घाम फुटे, आणि तोंडात एकाएकी पातळ, खारट लाळ दाटून येई. ही लाळ सुटली की आता सुटका नाही हे मला कळून चुकत असे, आणि कंडक्टरमहाशयांनाही ते माझ्या चेहऱ्यावरून कळत असावे, कारण तिकिटांची पेटी सावरीत ते ओरडत, "त्या पोराला खिडकीत घ्या हो!" मी लिंबू हुंगत असे, डोळे मिटत असे, देवाचे नाव घेत असे, उपयोग शून्य. आईच्या धाकाने मी सकाळपासून अर्ध्या कप चहाखेरीज पोटात काही घातलेले नसे. आणि ज्याने वाईच्या स्थानकाबाहेर माझ्या डोळ्यांदेखत दोन प्लेट भजी आणि वर मिसळ रिचवली होती तो चालक मात्र प्रत्येक वळण मजेत घेत, शीळ घालीत गाडी हाकीत असे. भरल्या पोटाचा मनुष्य खुशाल, आणि रिकाम्या पोटाचा पोरगा ओकतो आहे. त्या वयातही हा न्याय मला चमत्कारिक वाटत असे.

त्याचा उलगडा पुढे पुष्कळ वर्षांनी झाला. आपल्या कानाच्या आतल्या अंगास, ऐकण्याच्या यंत्राला लागूनच, तीन अर्धवर्तुळाकार नलिका आणि बारीक खड्यांच्या दोन पिशव्या असे एक दुसरे यंत्र बसविलेले असते, आणि डोके कोणीकडे वळले, कललेले आहे की सरळ, वेग वाढला की कमी झाला, याची वर्दी ते क्षणाक्षणाला मेंदूकडे पाठवीत असते. घाटात हे यंत्र सांगते की आपण गरगर फिरत आहोत, तर समोरच्या बाकाच्या पाठीवर खिळलेले डोळे सांगतात की सर्व काही स्थिर आहे. दोन जबान्या जुळत नाहीत, आणि मेंदूचा गोंधळ उडतो. चालकाला मात्र पुढचे वळण ते येण्यापूर्वीच ठाऊक असते, चाक त्याच्याच हातांनी फिरणार असते, त्यामुळे त्याच्या मेंदूत ही विसंगती उद्भवत नाही. ज्यांच्या कानातील हे यंत्र पूर्णपणे निकामी झालेले असते त्यांना गाडी लागत नाही की बोट लागत नाही. आणि उलटपक्षी ज्याच्या आरमाराने ट्रफाल्गारची लढाई मारली त्या नेल्सनला जन्मभर समुद्र लागत राहिला. वर्दी जुळली नाही तर चक्कर यावी हे समजते, पण ओकारी का यावी? मिशेल ट्राइझमन या मानसशास्त्रज्ञाने १९७७ साली असा तर्क मांडला की, इंद्रियांच्या साक्षीत असा बिघाड निसर्गात प्रायः विष पोटात गेल्यानेच होत असे, म्हणून मेंदू विसंगती दिसताच विषप्रयोगाचा संशय घेतो आणि खबरदारी म्हणून पोट रिकामे करवितो. तर्क तो तर्कच, त्यावर शास्त्रज्ञांचे शिक्कामोर्तब झालेले नाही. पण माझ्यासारख्या पसरणीच्या पीडिताला तो मनापासून पटतो.

पोटाच्या निर्दोषतेचा प्रत्यक्ष पुरावा मात्र याहून फार जुना आहे. फ्रान्स्वा माजांदी या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञाने १८१३ साली पॅरिसमध्ये जो प्रयोग प्रसिद्ध केला तो वाचताना आजही अंगावर काटा उभा राहतो, कारण भूल देऊन शस्त्रक्रिया करण्याचे युग उजाडायला अजून तीस-बत्तीस वर्षांचा अवकाश होता. त्याने एका कुत्र्याचे जठर काढून टाकले, त्या जागी डुकराचे मूत्राशय अन्ननलिकेला जोडले, त्यात रंगीत पाणी भरले, पोट शिवून टाकले आणि मग वांतिकारक औषध कुत्र्याच्या शिरेतून रक्तात सोडले. कुत्रा ओकला, आणि ते रंगीत पाणी बाहेर पडले. ज्या प्राण्याला जठरच नव्हते तो ओकला होता! मेलेल्या डुकराची ती पिशवी स्वतःहून आकुंचन पावणे शक्य नव्हते. तिला बाहेरून दाबले ते छाती आणि पोट यांमधल्या पडद्याने व पोटाच्या भिंतीच्या स्नायूंनी, म्हणजे श्वासोच्छ्वासाच्या नोकरीत असलेल्या स्नायूंनी. वांतीच्या कामी जठर हे केवळ एक भरलेले बोचके आहे, ते पिळणारे हात दुसऱ्याचेच आहेत, हे त्या दिवशी ठरले.

ही अंमलबजावणी किती शिस्तीची असते ते पाहण्यासारखे आहे. प्रथम लाळ सुटते, ती पुढे येणाऱ्या आम्लापासून दात आणि तोंड यांचा बचाव करील अशी. मग लहान आतड्याच्या मध्यावरून एक मोठी उलटी लाट निघते आणि आतड्यातील ऐवज जठरात परत आणून टाकते. ओकारीत जे हिरवे-पिवळे कडू पाणी पडते ते याच लाटेने वर आलेले असते. नंतर दीर्घ श्वास घेतला जातो, श्वासनलिकेचे दार मिटते, टाळूचा मागचा मऊ भाग वर उचलून नाकाची वाट बंद करतो, कोरडे उमासे येऊ लागतात, आणि अखेर पोटाचे स्नायू जोराने आवळले जात असतानाच अन्ननलिकेभोवतीचा पडद्याचा भाग नेमका तेवढा सैल पडतो. एवढी कामे, इतक्या क्रमाने आणि इतक्या काटेकोरपणे, बिघडलेले पोट कसे करील? हा हुकूम वरून सुटतो.

वरून म्हणजे नेमका कोठून, याचा शोध अमेरिकेत बोरिसन आणि वांग या दोन संशोधकांनी घेतला आणि १९५३ साली त्याचा साद्यंत वृत्तांत प्रसिद्ध केला. मानेच्या वरच्या टोकाशी, मेंदू जेथे निमुळता होऊन पाठीच्या कण्यात उतरतो, त्या मस्तिष्कपुच्छाच्या मागील अंगास एक इवलासा ठिपका आहे. रक्तातील परकी द्रव्ये मेंदूत शिरू नयेत म्हणून निसर्गाने सर्वत्र जी तटबंदी उभारली आहे ती नेमकी या ठिपक्यापाशी विरळ ठेवलेली आहे. जणू वाड्याच्या तटात मुद्दाम एक झरोका राखून तेथे रक्ताची चव घेणारा पहारेकरी बसविला आहे. या दोघांनी कुत्र्यांमधील हा ठिपका नष्ट केला, तेव्हा टोचताच वांती घडविणारे अॅपोमॉर्फिन हे औषध त्यांच्यावर निष्फळ ठरले. परंतु त्याच कुत्र्यांना तोंडावाटे मोरचूद दिला की ते पूर्वीप्रमाणेच ओकत. आपला द्राक्षबागायतदार बोर्डो मिश्रणात घालतो तोच हा मोरचूद. म्हणजे वर्दी जाण्याच्या वाटा निदान दोन असल्या पाहिजेत: एक रक्तातून झरोक्यापर्यंत, आणि दुसरी आतड्यातून मज्जातंतूंच्या मार्गे.

ही दुसरी वाट मला अधिक मनोरंजक वाटते. आतड्याच्या अस्तरात काही पेशी चौकीदारासारख्या विखुरलेल्या असतात. ज्या सिरोटोनिन द्रव्याचा संबंध वर्तमानपत्रे सदैव मनाच्या प्रसन्नतेशी जोडतात, त्याचा नव्वद टक्क्यांहून अधिक साठा डोक्यात नसून पोटातल्या याच पेशींपाशी असतो. विषारी अन्न आले की या पेशी सिरोटोनिन सोडतात, ते शेजारच्या व्हेगस नावाच्या लांबलचक मज्जातंतूला चेतविते, आणि खबर मस्तिष्कपुच्छात पोहोचते. व्हेगस म्हणजे लॅटिनमध्ये भटका. मेंदूपासून छातीतून पोटापर्यंत भटकणाऱ्या या मज्जातंतूतील सुमारे ८० टक्के धागे मेंदूचे हुकूम खाली पोहोचविण्याच्या कामी नसून पोटाची खबर वर नेण्याच्या कामी आहेत. पोट हे अशा रीतीने गुन्हेगार नसून फिर्यादी आहे. त्याची फिर्याद ऐकावयाची की नाही, आणि ऐकली तर काय हुकूम द्यावयाचा, हे ठरविणारी कचेरी दुसरीकडेच आहे. आणि ती खरोखरच कचेरी आहे, एकटा अंमलदार नव्हे. बोरिसन आणि वांग यांना वाटले होते तसे वांतीचे एकच एक केंद्र तेथे नसून अनेक लहान पेशीसमूह मिळून हे काम करतात, असे आता मानले जाते. बीजिंगमधील संशोधकांनी २०२२ साली उंदरांच्या मेंदूत दाखवून दिले की, पोटातील विषाची वर्दी मस्तिष्कपुच्छात आल्यावर तेथून दोन फाटे फुटतात. एक मळमळीकडे जातो आणि दुसरा उमाशांकडे. मराठीत मळमळ, उमासे आणि ओकारी असे तीन वेगळे शब्द आहेतच. ओकारी थांबविणारी औषधे मळमळीपुढे पुष्कळदा का हात टेकतात, याचेही कारण या दोन फाट्यांत असू शकेल.

उंदरांचा उल्लेख आला म्हणून एक गंमत सांगून टाकतो. उंदराला ओकता येत नाही. उमाशासारखी हालचाल तो करतो, पण पोटातले बाहेर टाकण्याची सोय त्याला नाही. म्हणूनच तो नवे खाद्य प्रथम चिमूटभर चाखून वाट पाहतो. भूमध्य समुद्राकाठच्या एका रानकांद्यापासून उंदरांसाठी विष करीत असत, ते कुत्र्या-मांजराने चुकून खाल्ले तर तत्काळ ओकून टाकावे आणि उंदराला मात्र ते पचवावेच लागावे, याच हिशेबाने. प्रयोगशाळेतील पांढरा उंदीर वांतीच्या अभ्यासाला असा कुचकामी ठरल्यावर संशोधकांना एखादा लहानसा, ओकू शकणारा प्राणी हवा होता, आणि १९८७ साली जपानी संशोधकांनी तो जगापुढे आणला. तो प्राणी म्हणजे आपल्या घरांतून रात्री भिंतीच्या कडेकडेने चिकचिक करीत धावणारी, दिसताच बायका नाकाला पदर लावतात ती चिचुंद्री! ती उंदराच्या कुळातली नव्हेच. औषध दिले की ती ओकते, आणि पिंजरा मागे-पुढे हलवीत राहिले की तिला गाडीही लागते. कर्करोगाच्या रुग्णांना आज जी औषधे मिळतात त्यांच्या अभ्यासाला या ओशाळवाण्या जीवाचा हातभार लागलेला आहे, एवढे ध्यानात ठेवून पुढच्या वेळी तिच्यामागे झाडू घेऊन धावावे.

आता आळ घेण्याच्या आपल्या सवयीकडे वळतो. महाराष्ट्रात 'पित्ताचं डोकं' नावाचा एक सर्वसंमत रोग आहे. कपाळाची एक बाजू ठणकू लागते, उजेड सोसवत नाही, आवाज सोसवत नाही, मळमळते, आणि अखेर कडू पाणी पडले की थोडे बरे वाटते. यावरून घरोघर सिद्धान्त असा की, पित्त खवळले, ते डोक्यात चढले, आणि ओकारीवाटे पडून गेल्यावर डोके उतरले. घशात बोटे घालून ते मुद्दाम पाडणारे सद्गृहस्थ मी पाहिले आहेत, आणि आयुष्यभर तूरडाळ व वांगे वर्ज्य केलेल्या गृहिणी तर पुष्कळच. यातील बहुतेकांना असते ती अर्धशिशी, जिला डॉक्टर मायग्रेन म्हणतात, आणि तिचा उगम डोक्यात असतो. वांती हे तिचे कारण नसून कार्य आहे, आणि ते कडू पाणी कोठून येते हे वर सांगितलेच आहे. तूरडाळीने कोणाचे वाकडे केले नव्हते. पण आळाची हीच सवय कधी जिवावरही बेतते. मूल आठवडेच्या आठवडे पहाटे उठल्याबरोबर ओकते, डोके दुखते म्हणते, आणि घरचे त्याला जंताचे औषध देत राहतात, तेव्हा डोक्याच्या कवटीत वाढणाऱ्या दाबाचा विचार कोणाच्या मनात येत नाही. छातीवर ओझे ठेवल्यासारखे वाटून दरदरून घाम फुटलेला आणि ओकणारा पन्नाशीचा मनुष्य 'गॅस झालाय' म्हणून सोडा पीत बसतो, आणि हृदयविकाराच्या उपचाराची मोलाची घटका टळून जाते.

आपल्या जुन्या वैद्यांची दृष्टी या बाबतीत आपल्याहून व्यापक होती हे कबूल केले पाहिजे. चरकाने छर्दीचे, म्हणजे वांतीचे, पाच प्रकार सांगितले, त्यातील चार दोषांचे, पण पाचवा केवळ किळसवाण्या गोष्टीच्या संबंधाने होणारा. आणि जे तेरा वेग मनुष्याने अडवून धरू नयेत असे त्याने बजावले त्यांत छर्दीची गणना केली. सर्व काही आमच्या ग्रंथांत पूर्वीच होते असे म्हणणाऱ्यांच्या पंक्तीला मी बसत नाही, कारण व्हेगस आणि सिरोटोनिन चरकाला ठाऊक नव्हते आणि ते असण्याचे कारणही नव्हते. परंतु पोटात काहीही वावगे गेलेले नसता, केवळ दर्शनाने वा गंधाने होणारी वांती हीसुद्धा खरी वांती आहे, तिला ढोंग म्हणू नये, इतका विवेक त्या काळी होता.

हा विवेक आपण सोडला तो विशेषतः गरोदर स्त्रीच्या बाबतीत. माझ्या थोरल्या बहिणीला पहिल्या खेपेस दिवस गेले आणि ती माहेरी आली, तेव्हा मी महाविद्यालयात होतो. स्वयंपाकघरात फोडणी पडली की ती माजघरात तोंडावर पदर घेऊन पडे, आणि उशाशी ठेवलेले घमेले दिवसातून वीस-वीस वेळा ओढी. पहिल्या आठवड्यात अन्न ठरेना, दुसऱ्यात पाणी ठरेना. आमची आत्या प्रेमळ, पण तिचा निकाल ठरलेला: "आम्ही काय पोरं जन्माला घातली नाहीत? मनावर घेतलंस तर राहील पोटात." शेजारच्या काकूंचे मत, डोहाळे कडक म्हणजे मुलगाच. गावातल्या डॉक्टरांनीही हसून 'तिसऱ्या महिन्यानंतर थांबेल' एवढेच सांगितले. एके सकाळी न्हाणीच्या वाटेवर ती कोसळली. तिला तालुक्याच्या दवाखान्यात नेले तेव्हा जीभ चामड्यासारखी कोरडी झालेली होती आणि सबंध दिवसात लघवी झालेली नव्हती. सलाइनच्या बाटल्या चढल्या, ती वाचली, पुढे मुलगी झाली. बऱ्याच वर्षांनी एकदा या गोष्टीची आठवण निघाली तेव्हा ती म्हणाली, "उलट्यांचं काही नाही रे. पण मी नाटक करते असं सगळ्यांना वाटत होतं ना, ते लागलं."

तिला नाटकी म्हणणारे घर अडाणी होते म्हणून सोडून देता येत नाही, कारण विसाव्या शतकात पुष्कळ विद्वान मानसतज्ज्ञही हेच म्हणत आले की, गरोदर स्त्रीच्या या अनावर वांत्या म्हणजे तिच्या अंतर्मनाने गर्भाचा केलेला अव्हेर होय. या विद्वत्तेचा खरा निकाल लागला तो अगदी अलीकडे. मार्लेना फेजो ही अमेरिकन संशोधिका स्वतः १९९९ साली या वांत्यांनी अंथरुणाला खिळली आणि त्यांत तिचा गर्भ गेला. तेव्हापासून तिने हाच प्रश्न हाती धरला. तिने आणि केंब्रिजच्या स्टीफन ओराहिली यांनी सहकाऱ्यांसह २०२३ च्या डिसेंबरात जे संशोधन प्रसिद्ध केले त्यावरून असे दिसते की, गर्भाच्या अंगाने 'जीडीएफ-१५' नावाचे एक संप्रेरक आईच्या रक्तात मोठ्या प्रमाणावर उतरते, आणि त्याचे ग्राहक मस्तिष्कपुच्छातील त्याच झरोक्यापाशी बसलेले असतात, ज्याची कथा वर सांगितली. ज्या स्त्रीच्या रक्तात हे द्रव्य गरोदरपणापूर्वी अल्प होते, तिच्या मेंदूला त्याचा सराव नसल्याने ती अधिक ओकते. आणि थॅलेसीमियाच्या ज्या रुग्ण स्त्रियांच्या रक्तात ते जन्मभर भरपूर असते त्यांना हा त्रास फारच थोडा होतो. यात मनावर घेण्याचा प्रश्न येतो कोठे? आत्याला त्रास झाला नाही तो तिच्या मनोधैर्यामुळे नव्हे, तिच्या रक्ताचा गुण वेगळा होता म्हणून.

औषध देण्यास कचरण्यामागे भीतीही आहे, आणि तिला इतिहास आहे हे मान्य. पश्चिम जर्मनीत १९५७ साली विक्रीस आलेले थॅलिडोमाइड गरोदर स्त्रियांना मळमळीसाठी सर्रास दिले गेले, १९६१ च्या अखेरीस ते तेथे मागे घेण्यात आले, पण त्याच्यापायी जगात दहा हजारांहून अधिक बालके हातापायांची व्यंगे घेऊन जन्मास आली. अमेरिकेत फ्रान्सिस केल्सी या अधिकारी बाईंनी कंपनीच्या तगाद्याला भीक न घालता परवाना अडवून धरला, म्हणून तो देश बव्हंशी बचावला. परंतु या दुर्घटनेची दहशत पुढे निर्दोष औषधांनाही बाधली. डॉक्सिलॅमिन आणि ब-६ जीवनसत्त्व यांची जोडगोळी, जिच्यावर व्यंगाचा आरोप शास्त्राच्या कसोटीवर टिकला नाही, ती अमेरिकेत केवळ कज्जेदलालीला कंटाळून १९८३ साली उत्पादकांनी बंद केली आणि ती तेथे परत यायला २०१३ साल उजाडले. आपल्याकडे ती मिळते, स्वस्तही आहे. फक्त ती लवकर मागण्याची आणि देण्याची रीत नाही. ती वेळेवर मिळाली असती तर बहिणीचे सलाइन कदाचित टळले असते.

दुसरी अशीच मूक सोशिक मंडळी म्हणजे कर्करोगाचे रुग्ण. १९७८ पासून वापरात आलेल्या सिस्प्लॅटिनसारख्या औषधाने रुग्ण इतके ओकत की काहीजण उपचार अर्ध्यावर सोडून जात, आणि काहींना तर दुसऱ्या खेपेस इस्पितळाचे फाटक दिसताच, थेंबभर औषध अंगात न जाता, उलटी होई. १९९० च्या सुमारास ऑन्डान्सेट्रॉन आले, त्याने आतड्यातील त्या सिरोटोनिनची वर्दी वाटेतच अडविली. नंतर इतर औषधे त्याच्या जोडीला आली. २०२४ साली तर परळच्या टाटा स्मारक केंद्रातील डॉक्टरांनी असे दाखवून दिले की, ओलान्झापिन या जुन्या औषधाची १० मिलिग्रॅमऐवजी अवघी अडीच मिलिग्रॅमची मात्रा वांती थोपविण्यास तितकीच पुरते आणि रुग्णाला दिवसभर गुंगीत ठेवीत नाही. एवढे सारे हाताशी असताना 'केमो म्हटलं की हे व्हायचंच' असे म्हणून जो रुग्ण गप्प बसतो तो कोणावरही उपकार करीत नाही. त्याने तक्रार केली पाहिजे, आणि ती डॉक्टरच्या कानी पडेपर्यंत केली पाहिजे.

आणि ज्याने औषध समजून फवारणीचे विष, रॉकेल किंवा संडास धुण्याचे आम्ल घेतले आहे, त्याला मिठाचे पाणी पाजून ओकवावयास लावण्याची खेड्यापाड्यांतील चाल कृपा करून बंद करावी. जाताना घसा जाळणारे आम्ल येताना तो पुन्हा जाळते, रॉकेल फुप्फुसात उतरते, आणि मिठाचा अतिरेक स्वतःच प्राण घेऊ शकतो. पूर्वी अमेरिकेत घरोघर वांती घडविणाऱ्या औषधाची बाटली ठेवीत, तीही ठेवू नये असे तेथील बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेने २००३ सालीच सांगितले. बाटली किंवा पुडी बरोबर घ्यावी आणि रोग्याला गाडीत घालून सरळ इस्पितळ गाठावे.

गरोदर मुलगी घरात असेल त्यांच्यासाठी शेवटचे चार शब्द. आज तिने किती वेळा ओकले हे मोजत बसू नका. दिवसाकाठी तांब्याभर पाणी तरी पोटात ठरते का, लघवी चार-पाच वेळा होते का, आणि गरोदर होण्यापूर्वीपेक्षा वजन किती उतरले, एवढे तिला विचारा. पाणी ठरत नसेल, लघवी गडद होत असेल, किंवा वजन वीस भागांतील एका भागाहून अधिक घटले असेल, तर डोहाळ्यांची चर्चा तेथेच तहकूब करून तिला त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या. आणि सलाइन लावताना त्यात साखर चढविण्याआधी ब-१ जीवनसत्त्व दिले आहे ना, हेही तेथे विचारायला संकोचू नका.